रोझमेरीच्या दोन बाटल्यांना दोन वास का, या तक्रारीला दुकानाचे उत्तर

नमस्कार.

आमच्या दुकानाला एक तारा देताना आपण तीन तक्रारी नोंदवल्या आहेत. जानेवारीत नेलेल्या रोझमेरी तेलाला निलगिरीसारखा वास होता आणि त्याच नावाने जूनमध्ये नेलेल्या बाटलीला मात्र राळेसारखा, निराळाच वास आहे. थाइम या रोझमेरीच्याच कुळातल्या सुगंधी रानझुडपाच्या तेलाला चक्क ओव्याचा वास येतो. आणि नवे रोझमेरी तेल केसांच्या मुळाशी लावल्यावर टाळूची आग होऊन दोन दिवस लाली राहिली. यावरून दोन्ही तेलांत भेसळ आहे असे आपण म्हटले आहे आणि सील फोडलेली बाटली परत न घेतल्याबद्दल काउंटरवरच्या मुलाला बोल लावला आहे. त्या मुलाचा यात काही दोष नाही, कारण तो नियम मीच घातलेला आहे. भेसळीचा आरोप मला मान्य नाही. मात्र आपल्या तक्रारीत आमची एक चूक उघड झाली आहे, ती आधी सांगतो.

दोन बाटल्यांतली तेले खरोखरच वेगवेगळी आहेत. पहिली मोरोक्कोची होती, दुसरी कॉर्सिका या फ्रेंच बेटावरची आहे. आम्ही दोन्हींवर मोठ्या अक्षरांत केवळ ‘रोझमेरी’ छापले, देशाचे नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरांत टाकले आणि तेलाचा प्रकार कुठेच लिहिला नाही. जो विचारील त्याला सांगू, अशी आमची पद्धत होती. वासात इतका फरक असलेला माल एकाच नावाने विकताना ही पद्धत पुरेशी नाही, हे मी कबूल करतो.

आता फरकाविषयी. रोझमेरी हे तुळशीच्या कुळातले, भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या, उन्हाने तापलेल्या डोंगरउतारांवर आपसूक वाढणारे झुडूप आहे. दक्षिण फ्रान्सच्या चुनखडीच्या जमिनीवरील अशा ठेंगण्या, विरळ झुडपांच्या रानाला तिथे ‘गारिग’ म्हणतात, तर कॉर्सिकाच्या ग्रॅनाइटच्या जमिनीवर माणसाच्या उंचीचा दाट झाडोरा असतो, त्याला ‘माकी’ म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने झाड एकच असले तरी निरनिराळ्या प्रदेशांतल्या झाडांच्या तेलाची घडण निरनिराळी असते, आणि या रासायनिक वाणांना ‘केमोटाइप’ हा शब्द आहे. मोरोक्कोच्या रानातून कापून आणलेल्या रोझमेरीच्या तेलात १,८-सिनिऑल हा घटक साधारण ४० ते ५० टक्के असतो, आणि निलगिरीच्या तेलाचा मुख्य घटकही तोच आहे. स्पेनच्या रोझमेरीत कापराचे प्रमाण जास्त असते. कॉर्सिकाच्या तेलात सिनिऑल कमी असून आल्फा-पायनीन, बॉर्निल ॲसिटेट आणि व्हर्बेनोन हे घटक पुढे येतात. यांपैकी पहिल्या दोहोंचा वास पाइनच्या झाडांची आठवण करून देणारा असतो. म्हणजे निलगिरी आणि राळ, हे दोन्ही वास आपण अचूक ओळखलेत. आमच्याकडे बाटल्या भरणाऱ्यांपैकीही सगळ्यांना हे जमत नाही.

मात्र याच कारणाने भेसळीचा तर्क टिकत नाही. रोझमेरी तेलात भेसळ करणारे स्वस्त निलगिरी तेल किंवा कापराच्या तेलाचे भाग घालतात, म्हणजे भेसळीने तेल निलगिरीच्या किंवा कापराच्या वासाकडे झुकते. आपल्याला संशय आला तो नेमका उलट दिशेने गेलेल्या बाटलीचा. दोन्ही खेपांचे गॅस क्रोमॅटोग्राफीचे, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून त्यांचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीचे, अहवाल दुकानात आहेत आणि ते कोणीही पाहू शकते.

थाइमच्या बाबतीत आपली शंका अधिक मोलाची आहे. थाइमच्या तेलातील ज्या घटकाला त्या झाडावरूनच थायमॉल हे नाव पडले, तोच ओव्यात भरपूर असतो. आपल्याकडे ज्याला ओव्याचे फूल म्हणतात ते थायमॉलच होय. कृत्रिम थायमॉल बनू लागण्यापूर्वी हा पदार्थ व्यापारासाठी ओव्यापासून काढला जात असे, त्यामुळे कोणी थाइमच्या बाटलीत ओव्याचे तेल भरले तर नुसत्या नाकाने ते पकडणे अवघड आहे. अहवालात ते पकडता येते, कारण थाइमच्या तेलात लिनालूल हा घटक काही टक्के असतो आणि ओव्याच्या तेलात तो जवळजवळ नसतो. आपण नेलेल्या खेपेत लिनालूल आहे.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो की थाइमचे प्रकार रोझमेरीपेक्षाही अधिक आहेत. फ्रान्समध्ये माँपेलिए शहराच्या उत्तरेस साँ-मार्ताँ-द-लोंद्र नावाचे खोरे आहे. तिथे हिवाळ्यात गार हवा तळाशी साचून राहते आणि कडाक्याचे दहिवर पडते. खोऱ्याच्या तळाशी थायमॉल किंवा कार्व्हाक्रॉल नसलेले, थंडी सोसणारे थाइम वाढते, आणि भोवतालच्या उबदार, कोरड्या उतारांवर हे दोन तिखट घटक असलेले. काही किलोमीटर चालले की एकाच रानझुडपाचा वास बदलतो. हे ठाऊक असल्यामुळे, बाटलीवर केवळ झाडाचे नाव छापल्याची मला आता अधिकच लाज वाटते.

टाळूच्या आगीविषयी स्पष्ट लिहितो. कोणतेही सुगंधी तेल त्वचेवर नुसते लावू नये. खोबरेल तेलाच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलीमध्ये, सहा थेंब पुरेत. ते प्रमाण साधारण २ टक्के होते. आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. आग झालीच तर पाण्याआधी साध्या गोड्या तेलाने पुसून मग सौम्य साबणाने धुवावे, कारण ही तेले पाण्यात विरघळत नाहीत. गरोदर स्त्रियांनी, लहान मुलांनी आणि फेफऱ्याचा त्रास असणाऱ्यांनी कापूर किंवा व्हर्बेनोन असलेल्या रोझमेरीपासून दूर राहावे. ही सूचना आमच्या लेबलवर इंग्रजीत होती, मराठीत नव्हती.

केस वाढतात असे आम्ही लेबलवर लिहीत नाही आणि लिहिणारही नाही. इराणमध्ये १०० जणांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचा आधार सगळे देतात. तिच्यात सहा महिन्यांनी रोझमेरी आणि २ टक्के मिनॉक्सिडिल (केस गळण्यावरचे औषध) या दोहोंनी केसांची संख्या थोडी वाढली. तीन महिन्यांनी मात्र दोहोंतही फरक दिसला नव्हता. औषधाविना ठेवलेला तुलनेचा गट तिच्यात नव्हता, आणि वापरलेले रोझमेरी हे सौम्य केलेले लोशन होते, बाटलीतले निखळ तेल नव्हे.

जूनच्या बाटलीचे पूर्ण पैसे परत मिळतील. ती फोडलेली असली तरी चालेल, पावतीची गरज नाही. थाइमचे तेल ठेवायचे की परत करायचे, हे अहवाल पाहून आपण ठरवावे. नव्या लेबलांवर देश, केमोटाइप आणि मराठीतली सूचना पुढच्याच बाजूला येईल. जुन्या लेबलांच्या शिल्लक बाटल्या तोवर विक्रीतून काढल्या आहेत. टाळूवर अजून लाली किंवा खाज असेल तर तिथे आणखी कोणतेही तेल न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि जाताना बाटली सोबत न्यावी.