कोकणकड्यावर एकट्यानं मुक्काम करावा का?

विषय नानांनीच काढला. "तू परत एकटाच हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्याच्या काठाला मुक्कामाला गेलास म्हणे. मला हे पटत नाही."

स्वारगेटजवळच्या आमच्या कट्ट्यावर नानांच्या शब्दाला वजन आहे. एसटी, पायपीट आणि घरचा शिधा एवढ्यावर त्यांनी अर्धा सह्याद्री पालथा घातलाय. त्यांचा नियम सरळ आहे, डोंगरात किमान तिघं हवेत. एकाला लागलं तर दुसरा त्याच्यापाशी थांबतो, तिसरा खाली गाव गाठून माणसं आणतो. "एकट्याचा नुसता पाय मुरगळला तरी कोण येणार? वर रेंजचा भरवसा नाही."

नियम बरोबरच आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. नळीची वाट, ढाकचा बहिरी, अलंग-मदन-कुलंग अशा कड्यांतल्या अवघड ठिकाणी एकट्यानं जाणं मला मान्यच नाही. पण गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावातून चढणारी वाट वेगळी. मळलेली, उन्हाळ्याहिवाळ्यात गावकऱ्यांची ये-जा असलेली, अवघड जागी रेलिंग लावलेली. दोन-अडीच तासांत माणूस गडावरच्या देवळापाशी पोचतो. अशा वाटेवर, आधी चारचौघांबरोबर जाऊन ती पाठ झाल्यावर, आठवड्यातल्या मधल्या वारी, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जायचं. शनिवारी गेलात तर कड्यावर तंबूंची जत्रा असते, मग एकटं जाण्यात अर्थ उरत नाही.

"पण मिळतं काय एवढं?" नानांचा खरा प्रश्न हा होता.

मिळतो तो वेळ. घोळक्याबरोबर वर पोचलो की आधी फोटो, मग स्वयंपाक, मग गाणी. कोणाचं पाणी संपलं, कोण मागं राहिलं यात संध्याकाळ जाते. एकटा असलो की चार वाजल्यापासून कड्याच्या काठापासून सुरक्षित मागं, दगडाला पाठ टेकून बसता येतं. खाली कोकणातल्या बेलपाडा गावाच्या बाजूला सावली कशी लांबत जाते ते दिसतं. दिवसा दरीतून वर फेकला जाणारा वारा संध्याकाळी मंदावतो, मग खालच्या वाडीतलं कुत्रं भुंकलेलं इथवर ऐकू येतं. अंधार पडला की रातवा पक्षी बोलायला लागतो. डिसेंबरात मृग नक्षत्र पूर्वेकडून वर येतं, मध्यरात्री डोक्यावर असतं आणि पहाटे कोकणाकडे उतरतं. थंडीनं झोप मोडते तेव्हा दर वेळी ते पुढं सरकलेलं असतं. आकाश फिरतं हे शाळेत शिकलो होतो, पण पाहिलं ते इथं.

आणि इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला याच कड्यावरून गोल इंद्रधनुष्य दिसल्याची नोंद सगळे सांगतात. ते दिसायला सूर्य पाठीशी लागतो आणि समोर खाली धुकं लागतं. कडा पश्चिमेला उघडा, म्हणजे संधी सकाळची. पायथ्याहून पहाटे धावत वर येणाऱ्यापेक्षा रात्री वरच असलेल्याला ती जास्त. शिवाय त्या वर्तुळाचा मध्य म्हणजे बघणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्याची सावली. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्याचं वर्तुळ त्याच्याच सावलीभोवती दिसतं.

इथं कट्ट्यावरचे डॉक्टर बोलले. "वर्तुळ राहू दे. रात्री तंबूबाहेर पाय कुठं ठेवतोस ते सांग." घोणस, फुरसं, मण्यार, नाग, या चौघांच्या विषावर सरकारी दवाखान्यात मिळणारं प्रतिविष चालतं, पण तिथवर पोचायला हवं आणि चावलेल्या माणसानं चालायचं नसतं. चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, अवयव स्थिर ठेवायचा. "एकट्याला हे जमत नाही. तुझ्या सगळ्या युक्तिवादातलं हे भोक आहे."

आहे. ते पूर्ण बुजत नाही, लहान करता येतं. अंधार पडायच्या आत मुक्कामाची जागा पक्की करायची आणि नंतर भटकायचं नाही. बूट आत घ्यायचे, सकाळी झटकून घालायचे. बॅटरीशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. शेकोटी तर नाहीच. हे अभयारण्य आहे, आणि धुरानं कड्यातली आग्या मोहोळं उठली तर पळायला जागा नसते. ही शिस्त मी घोळक्यात कधी इतकी कडक पाळली नव्हती, कारण तिथं प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे.

ताई इतका वेळ गप्प होती. तीही एकटी फिरते, आमच्यापैकी कोणाहीपेक्षा जास्त. "तुम्ही साप आणि कडे मोजताय," ती म्हणाली. "मी आधी माणसं मोजते. कड्यावर मी एकटी तंबू टाकणार नाही. रात्री बाहेर कोणाचा आवाज आला तर तुला वाटेल कोणी ट्रेकर असेल. मला तसं वाटून चालत नाही." ती पाचनईत ओळखीच्या घरी ओसरीवर झोपते. चुलीपाशी बसून बाजरीची भाकरी आणि पिठलं खाते, घरातल्या बाईशी गप्पा मारते आणि पहाटे उजाडायच्या बेतात चढायला लागते. "माझाही मुक्काम एकटीचाच. वरच झोपलं तर खरं, हे कोणी ठरवलं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं. उलट पहिल्यांदा एकट्यानं जाणाऱ्या कोणालाही, बाई असो की पुरुष, मी आता तिचीच पद्धत सांगेन. आधी गावात रात्र. पैसे त्या घरात जातात, वनखात्याचे मुक्कामाचे नियम तिथंच कळतात, गडावरच्या टाक्यांत पाणी किती उरलंय तेही कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर कोण गेलंय हे गावात कोणालातरी माहीत असतं. उद्या दहापर्यंत उतरलो नाही तर बघायला या, एवढं सांगूनच मी निघतो. हाच निरोप घरीही असतो.

"म्हणजे तिसरा माणूस तू गावात ठेवतोस," नाना म्हणाले.

"हो. दुसरा मात्र नाही, हे मान्य."

नानांचं समाधान झालं नाही. तिघांचा नियम ते सोडणार नाहीत आणि त्यांनी सोडूही नये. पुढच्या वेळी निघताना वाट, मुक्कामाची जागा आणि उतरायची वेळ कागदावर लिहून त्यांच्याकडे द्यायची, असं त्यांनी बजावलं. डॉक्टरांनी पाय मुरगळला तर क्रेप बँडेज कसं बांधायचं ते माझ्याच पायावर दाखवलं. ताईनं बुधवार सुचवला आहे. ती गावात राहील, मी वर.