वाघाचा शब्द माणसाला कशाला?

परवा व्हिडिओ कॉलवर लेकीने आजीला शाळेची वही दाखवली. गाय, वाघ, अस्वल आणि दोन वेण्यांची एक मुलगी. मुलीपासून निघालेली रेघ अस्वलाच्या रकान्यात गेली होती. आई म्हणाली, "अगं, आपण मांसाहारी ना?" "नाही आजी, मांसाहारी वाघ. मी मिश्राहारी!"

पोरीचं बरोबर आहे. हा शब्द आपणही शाळेत शिकलो आणि प्राण्यांच्या धड्यातच ठेवून आलो.

पुण्यात दादा भाड्याने घर शोधतोय. ‘मांसाहारींना देत नाही’ हे त्याने दोनदा ऐकलं. त्यावरून घरात रोज वाद होतो, पण शब्दाला कोणी हात लावत नाही. आठवड्यातले पाच दिवस भाजी-भाकरी खाणारा माणूस मांसाहारी कसा? मांजर मांसाहारी, कारण तिला लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य तिचं शरीर पुरेसं बनवत नाही. ते मांसातून मिळालं नाही तर तिची दृष्टी जाते, हृदय निकामी होतं. प्राण्याच्या बाबतीत तो शब्द शरीराची गरज सांगतो. माणसाच्या बाबतीत आपण त्यावरून जात ताडतो, आणि मला राग येतो तो याचा.

इथे इंग्लंडमध्ये ‘नॉनव्हेज’ शब्द फारसा कोणी वापरत नाही. लेकीच्या शाळेने फॉर्मवर एवढंच विचारलं, काय चालत नाही? बाकी ती काय खाते, यावरून तिला नाव पडलं नाही.

पण इथलंही सगळं गोड नाही. आई आली होती तेव्हा ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेला केक मीच तिच्या हातात दिला. त्यात अंडं होतं. ती सोमवारी अंडंही खात नाही, आणि तो सोमवार होता. आपल्याकडचा हिरवा ठिपका इथे फार आठवला; त्यात अंडं बसत नाही. लंडनमध्ये शिकताना गांधीजींपुढेही हाच पेच होता. तिथे मांसाच्या तीन व्याख्या चालत, त्यातल्या दोहोंत अंडं चालायचं. त्यांनी आत्मकथेत लिहिलंय, मांस न खाण्याची शपथ आईला दिलेली, म्हणून व्याख्याही आईचीच. त्यांनी अंडी सोडली. आपण काय खातो याचा शब्द खाणाऱ्याने ठरवावा, घरमालकाने नव्हे, असं मला वाटतं ते यामुळेच.

दादाला सांगितलंय, घरमालकाने विचारलं तर ‘मिश्राहारी’ सांग. तो म्हणाला, घर जाईल हातचं. जाऊ दे, पण सांग.