नाव घेऊन सत्कार करा

संस्थेच्या प्रमुखाचा सत्कार झाला की तो तिथल्या प्रत्येकापर्यंत पोचतो, हे सत्कारांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशाताईंना मिळून एक पुरस्कार दिला. खूप आनंद झाला होता. पण आमच्या वस्तीवरच्या आशाताईंना ते कळलं माझ्याकडून, त्यांना मोबाईलवर बातमी दाखवली तेव्हा. दोनदा वाचून घेतली त्यांनी.

माझ्या सुनेच्या बाळंतपणात रात्री दोन वाजता याच बाई रुग्णवाहिकेत तिचा हात धरून बसल्या होत्या. पुढच्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी आल्या. दर खेपेला आधी हात धुवायचे, मग पिशवीतला तो झोळीसारखा वजनकाटा काढून बाळाला अलगद त्यात ठेवायचं, ताप बघायचा आणि सगळं वहीत टिपायचं. त्याच वर्षी गावात सेवाभावी मंडळींचा सत्कार झाला, तेव्हा शाल-श्रीफळ व्यासपीठावरच्यांना मिळालं आणि आशाताई मागे खुर्च्या मांडत होत्या. पुढच्या वेळी त्यांचं नाव माईकवरून, आडनावासकट पुकारा. सासूबाईंना घेऊन पहिल्या रांगेत बसायला मी येते.