त्या दोन गुणांनी काय केलं, ते राहून गेलं

फॉर्म्युला वन ड्रायव्हर ज्यूल बियांकीच्या ३४ शर्यतींमधून हाती लागले ते दोन गुण, त्यावरून त्याची कुवत कळायला वावच नव्हता, हा त्याच्यावरच्या तुमच्या लेखातला निष्कर्ष अजिबात पटला नाही. २०१४ ची मोनॅको शर्यत मी टीव्हीवर पाहिली आहे. त्याची मारुसिया म्हणजे रांगेच्या शेवटची, पैशाची चणचण असलेली टीम. तिथल्या अरुंद रस्त्यांवर पुढे जाणं महाकठीण, तरी रास्कासच्या वळणावर आतल्या बाजूने चाकाला चाक घासत त्याने कोबायाशी या दुसऱ्या टीमच्या ड्रायव्हरला मागे टाकलं. तो आठवा आला होता, पाच सेकंदांच्या दंडामुळे नववा ठरला. मारुसियाच्या इतिहासातले हे पहिले गुण!

आणि त्या गुणांनी पुढे काय केलं, हे तर लेखात यायलाच हवं होतं. त्या वर्षी सॉबर या दुसऱ्या टीमला एकही गुण मिळाला नाही. जपानमधल्या सुझुकात बियांकीला झालेल्या गंभीर अपघातानंतर महिन्याभरात मारुसियाची आर्थिक घडी कोलमडली, शेवटच्या तीन शर्यतींत टीम उतरलीसुद्धा नाही. तरीही टीमच्या गुणतक्त्यात ती नववी, सॉबरच्या वर राहिली. बक्षिसाची रक्कम या क्रमांकावर ठरते. त्या पैशाच्या भरवशावर टीम २०१५ मध्ये पुन्हा उभी राहू शकली. बियांकी तेव्हा फ्रान्समध्ये कोमात होता आणि त्याची टीम त्याने मे महिन्यात मिळवलेल्या गुणांच्या आधारावर उभी राहत होती. अशा ड्रायव्हरची कुवत कळली नाही, असं कसं म्हणता?