लाल माती आणि काथ्याचे टाके

नौदलाने मे २०२५ मध्ये कारवारला ‘कौंडिन्य’ हे शिवलेले शिडाचे जहाज दाखल करून घेतले, तेव्हापासून कोल्हापुरातला माझा चुलतभाऊ दर फोनवर एकच प्रश्न विचारतो : “वाट दाखवायला उपग्रह असताना काथ्यानं फळ्या शिवत बसायचं कशाला, दादा?” ते जहाज अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून घेतलेले असले, तरी चित्र पाहून टाका घालता येत नाही, केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे सहकारी यांच्या हातात ती विद्या उरली होती, म्हणून ते तरंगले.

मी राहतो त्या नॉर्वेतल्या बर्गेनच्या दक्षिणेला ओस येथे ‘ओसेल्वर’ या पारंपरिक लाकडी होड्यांची कार्यशाळा आहे. तेथे जुना कारागीर नव्याला हाताखाली घेऊन शिकवतो आणि या पद्धतीची युनेस्कोने २०१६ मध्ये दखल घेतली. “त्यांच्याकडे तेलाचा पैसा आहे,” असे चुलतभाऊ म्हणतो. ते खरे आहे. त्याच्यापाशी मात्र मी ते कबूल केलेले नाही.

कोल्हापूरकराने असे बोलावे, याचीच मला चीड येते. ऑलिंपिकची कुस्ती गादीवर होते, म्हणून ताक, तेल, हळद घालून मळलेली लाल माती उपसून टाका, असे गंगावेशीत कोणी म्हणून दाखवावे! शाहू महाराजांच्या १९१२ च्या खासबाग मैदानाविषयी आपण हळवे होतो आणि गगनबावड्याचा घाट उतरल्यावर भेटणाऱ्या तांडेलाची, म्हणजे होडीच्या प्रमुखाची, विद्या मात्र आपल्याला अडगळ वाटते. देवळाचा कळस आणि डोंगराची सोंड एका रेषेत आणून मासळीची जागा धरणे, जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या पहाटेच्या मतलई वाऱ्यावर शीड सोडणे, उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) ओळखून जाळे लावणे, हे सारे आता यंत्रावरच्या आकड्यांत मावते, आणि यंत्र बंद पडले की तांडेलाच्या मुलाला काठ सापडत नाही.

देवगडच्या माझ्या मामांनी मला लहानपणी भरतीचा ढोबळ हिशेब सांगितला होता : तिथीची पाऊणपट करायची, पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती. त्यापुढचे मी कधी विचारले नाही, कारण मला अभियंता व्हायचे होते, आणि आता विचारायला मामा नाहीत. प्रत्येक बंदराची वेळ निराळी असल्याने तो हिशेब बर्गेनला चालत नाही. तरीही धक्क्यावर उभा राहिलो की मी मनात पाऊणपट करू लागतो. आज तिथी कोणती, हे मात्र मला फोनमध्ये पाहावे लागते.