मिरजेतली जवारी आणि रामन यांचा प्रश्न

गेल्या महिन्यात आमच्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीची गुंजन देणारी घडण, गेली. नुसता टणटण आवाज, गुंजन नाहीच. मिरजेला घेऊन गेलो, सोबत कॉलेजात फिजिक्स शिकवणारा मित्र होता. तिथल्या वाद्यकारागीर चाचांनी घोडीवर कानस फिरवली, तार छेडली, मान हलवली, पुन्हा कानस. मग तारेखालचा सुताचा धागा केसभर सरकवला आणि एका जागी आवाज एकदम उमलला. मित्राने मोबाइलवर त्या स्वराचा आलेख लावला होता. चाचा त्यावर वाकले आणि म्हणाले, "या वरच्या रेघा बसल्यात ना, तेच मला कानाला बोथट लागतंय." मित्र बघतच राहिला. पुढचे दोन तास दोघं जागचे हलले नाहीत.

हे गुंजन येतं कुठून, हा प्रश्न जुना आहे. १९२१च्या सुमारास कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांनी तानपुरा आणि वीणा तपासली. नियम असा, की तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा (मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या वरच्या सुराचा) स्थिर बिंदू असेल, तो उपस्वर वाजायला नको. तानपुऱ्यात तो स्पष्ट ऐकू येतो! कारण तार टोकदार कडेवर नाही, घोडीच्या रुंद, किंचित गोलसर पाठीवर टेकत-सुटत राहते. त्याआधी १९२०मध्ये शिवकाली कुमार यांच्यासोबत त्यांनी आपल्या चर्मवाद्यांवरही लिहिलं होतं. साध्या ढोलाचे उपस्वर बेसूर पडतात, तबल्याच्या पुडीवरची शाई, म्हणजे तो काळा लेप, त्यांना सुरात आणते.

म्हणजे शास्त्रज्ञाने सिद्ध केलं ते कारागिरांच्या हाताला आधीच माहीत होतं. म्हणूनच "विज्ञान आणि कला" नावाचे कार्यक्रम बघून मला मनापासून वाईट वाटतं. अशाच एका कार्यक्रमात आकाशगंगेच्या फोटोंसमोर सुंदर नृत्य झालं, मग व्याख्यान झालं. नर्तकीने शास्त्रज्ञाला काही विचारलं नाही, शास्त्रज्ञाने तिला नाही. शोभेसाठी बोलावलेला कलाकार सहकारी कसा होईल? प्रश्न दोघांचा हवा, आणि मानधनही दोघांना हवं. कारागिराला तर या चर्चेत खुर्चीच नसते. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदच आहे, पण शोधनिबंधावर जवारी काढणाऱ्याचं नाव कधी येणार?

मित्र दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा मिरजेला निघालाय. हाडाची, शिंगाची आणि प्लॅस्टिकची, अशा तीन घोड्या एकाच तानपुऱ्यावर बसवून मोजायच्या आहेत. काही लिहून झालं तर लेखकांत चाचांचं नाव असेल, हे त्याने आधीच सांगून ठेवलंय. घोड्या चाचा घासायला घेऊन बसलेत.