क्लाउस मोये यांचे रंग सगळ्यांना दिसतात, भट्टी कोण बघतं?

भट्टीत रंगीत काचा वितळवून वाडगे घडवणारे काच-कलाकार क्लाउस मोये यांचं नाव निघालं की लोक त्यांच्या रंगांबद्दल बोलतात. मला ही दाद अपुरी वाटते. हॅम्बुर्गला घरच्या कारखान्यात काच कापायला-घासायला शिकलेल्या या माणसाने १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा स्कूल ऑफ आर्टमध्ये काचेचा विभाग उभा केला. त्याआधी, १९७९ मध्ये, अमेरिकेतल्या पिलचक या काचकलेच्या शाळेत शिकवताना रंगीत काच बनवणाऱ्या बुल्सआय कंपनीच्या लोकांशी त्यांची गाठ पडली आणि एकमेकींशी जुळणाऱ्या, म्हणजे एकत्र वितळवून थंड केल्यावर न तडकणाऱ्या, रंगीत काचांची मोये यांची गरज पूर्ण व्हायची वाट खुली झाली. ते रंग उभे आहेत ते या जुळण्यावर.

आणि इथेच आजही सर्रास चूक होते. पाकिटावर ‘९०’ हा प्रसरणाचा (तापल्यावर काच किती फुगते याचा) आकडा दिसला की दोन कंपन्यांच्या काचा बिनधास्त एकत्र वितळवतात. थंड होताना काच किती आकसते हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ती कोणत्या तापमानाला किती घट्ट होते हेही. आकडा सारखा असूनही तुकडा महिन्याभराने तडकू शकतो.

म्हणून चाचणी कराच. पारदर्शक पट्टीवर प्रत्येक रंगाचा छोटा चौकोन ठेवा, मध्ये बोटभर अंतर सोडा, आणि त्याच पारदर्शक काचेचाही एक चौकोन ठेवा. पूर्ण वितळवून, नीट ॲनील करून (आतला ताण जावा म्हणून ठरावीक तापमानाला थांबवून हळूहळू थंड करून) पट्टी एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या दोन पोलराइज्ड फिल्टरमध्ये (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पडद्यांमध्ये) उजेडासमोर धरा. रंगाच्या कडेला उजेडाचं वलय दिसलं तर ताण आहे. पारदर्शक चौकोनाभोवतीही दिसलं तर दोष रंगाचा नाही, तुमच्या ॲनीलिंगचा.

बुल्सआयची काच साधारण ८०४ अंश सेल्सियसला पूर्ण एकजीव होते, ॲनीलिंग ४८२ ला. १२ मिलिमीटर जाडीला तिथे दोन तास थांबा, मग ४२७ पर्यंत ताशी ५५ अंशांनी उतरा. जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट करून भागत नाही, उतरण्याचा वेग कितीतरी कमी करावा लागतो. घाई इथेच होते आणि नंतर रंगावर खापर फुटतं.

तुकडा फुटलाच तर भेगेची कड बघा. गोलावलेली असेल तर भेग तापवताना पडली, धारदार असेल तर थंड होताना.

मोये यांच्या वाडग्यांवर भट्टीनंतर घासायच्या चाकावर घासकाम होई. घासताना पाणी सतत हवं, आणि घासायच्या भुकटीच्या जाड कणाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय बारीक कणाकडे वळू नका, पॉलिश केल्यावर तेच आधी दिसतात.